साडेसहा कोटी वर्षांची शेपटी

दगड चाटण्यात काही कमीपणा नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोठमोठे भूशास्त्रज्ञ दगड चाटतात. ते डोंगरावर चाटतात आणि मी पेणमध्ये आमच्या अंगणात चाटला, एवढाच काय तो फरक. पण दुपारपर्यंत आळीतल्या तीन बायका येऊन आमच्या हिला विचारून गेल्या, "भाऊंना बरं नाय का गो?"

हिने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मात्र जाताना तिघीही माझ्याकडे फार मायेने बघून गेल्या.

तर झालं असं. खारभूमीच्या कचेरीत एकतीस वर्षं नोकरी करून मी निवृत्त झालो. ज्या बांधांच्या फायली जन्मभर या टेबलावरून त्या टेबलावर सरकवल्या ते बांध असतात तरी कसे, हे बघावं म्हणून मी रोज सकाळी खाडीच्या बांधावर फिरायला जातो. डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवून घाबरवलं, हे दुसरं कारण. ते मी चारचौघांत सांगत नाही. माघातल्या अमावास्येच्या उधाणाने बांधाची एक कड खाल्ली होती. ओहोटीला तिथला चिखल उघडा पडला आणि त्यात मला 'ते' दिसलं. दोन हात लांब, एका टोकाला मांडीएवढं जाड, दुसऱ्या टोकाला निमुळतं होत गेलेलं. अंगावर कालवांचे शिंपले घट्ट चिकटलेले आणि शिंपल्यांच्या मधून दिसणारे, ओळीने बसलेले स्वच्छ खवले.

मी तिथेच चिखलात बसलो. बसलो म्हणजे घसरलो, पण उठायची घाई केली नाही.

ते उचलून घरी आणायला समोरचे शरीफभाई आले. शरीफभाई वीस वर्षं आखातात एका तेलकंपनीत भूशास्त्रज्ञांबरोबर होते. बरोबर म्हणजे त्यांचा स्वयंपाक करायला. पण वीस वर्षं ज्यांना बिर्याणी खिलवली त्यांची थोडीफार विद्या आपल्याही अंगी लागणारच, असं त्यांचं म्हणणं होतं आणि आळीत ते खोडून काढणारा दुसरा शास्त्रज्ञ नव्हता.

"मोरूभाऊ, फॉसिल हाय हे!" त्यांनी वस्तूभोवती दोन फेऱ्या मारून जाहीर केलं. "जनावर मरतं, गाळात दबतं, गाळाचा दगड होतो नि हाडाचापण दगड होतो. पण खात्री करायला पायजे. आमचे साहेब लोक काय करायचे माहीत हाय? जीभ लावायचे. साधा दगड असेल तर जीभ सरकन निघून येते. हाड असेल तर चिकटते."

वस्तू आठ दिवस अंगणात वाळवली आणि मग मी जीभ लावली.

चिकटली! अशी चिकटली की सोडवताना डोळ्यांत पाणी आलं. शरीफभाईंनी लावली, त्यांचीही चिकटली. आम्ही दोघे साठी उलटलेले पुरुष जिभा बाहेर काढून एकमेकांना मिठी मारत होतो, तेवढ्यात दूधवाला आला. पुढचं वर आलंच आहे.

मग मी पुस्तक आणलं. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे तळ्यांचा गाळ साचून त्यात प्राण्यांचे अवशेष सापडतात, असं त्यात होतं. माझा प्राणी इथलाच, तेव्हा मी त्याचंही वय साडेसहा कोटी धरलं. कचेरीत दाखला नसलेल्या माणसांची वयं आम्ही याच पद्धतीने ठरवत असू. तुटलेल्या जाड टोकाकडून तपकिरी तंतू बाहेर आलेले दिसत होते, ते स्नायू असणार हे सांगायला पुस्तकाचीही गरज नव्हती. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खवल्यांच्या प्रत्येक ओळीत एक, फक्त एक, खवला उलटा बसलेला होता. असा प्राणी अख्ख्या पुस्तकात नव्हता. मी एका जाड कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "जीवाश्म. मगरवर्गीय प्राण्याची शेपटी. अंदाजे वय साडेसहा कोटी वर्षे. संशोधक: मोरेश्वर पाटील, निवृत्त वरिष्ठ लिपिक."

ही म्हणाली, "वरिष्ठ लिपिक कशाला त्यात?"

"मग काय, पद वाढवून घालू?" मी म्हणालो.

आता एवढी धडपड कशासाठी, तर रोह्याच्या आमच्या व्याह्यांसाठी. खोटं कशाला बोलू? आमच्या मनस्वीचे सासरे महिपतराव म्हणजे मोठं प्रस्थ. वाचनालयाचे कार्याध्यक्ष, मंडळाचे सल्लागार, जुन्या कुलपांचे संग्राहक. लग्नात त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "हे आमचे व्याही. खारभूमीत होते." कुठून तरी नुकतंच उपसून काढावं, तसं 'होते' म्हणाले. तेव्हापासून चार वर्षं मी त्यांच्या दिवाणखान्यात बसून एकशे बारा कुलपांची माहिती ऐकतो आहे. एकदा, फक्त एकदा, आपण बोलावं आणि महिपतरावांनी ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

मी फोन लावला. शेपटी म्हटल्यावर ते "असं, असं" म्हणाले. साडेसहा कोटी म्हटल्यावर त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला. त्यांचं सगळ्यात जुनं कुलूप दीडशे वर्षांचं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला: ईदनंतरच्या रविवारी वाचनालयात तुमचं व्याख्यान ठेवलं आहे, शाल-श्रीफळ देऊ. शरीफभाईंची भाची माहिरा मुंबईच्या कॉलेजात भूशास्त्र शिकवते आणि ईदला रोह्याला घरी येणार होती. तिने तपासून दोन शब्द बोलावेत असं ठरलं. ती बिचारी म्हणाली, "काका, आधी फोटो पाठवा ना." मी पाठवला नाही. या क्षेत्रात चोऱ्या फार होतात, असं मी ऐकून होतो.

दरम्यान, कायदा पाळणारा माणूस म्हणून मी एका सरकारी कचेरीत शोधाची नोंद करायला गेलो. ही मात्र चूक झाली. खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, "सजीव का निर्जीव?"

"होतं सजीव. आता दगड झालाय."

"म्हणजे गौण खनिज. उत्खननाची परवानगी काढली होती?"

"उत्खनन नाही हो, वर आलं होतं."

"वर आलं होतं तर मग तुम्ही का आणलंत? जागा कोणाची? सातबारा आहे?"

मी सातबारा आणतो म्हणालो आणि जो निघालो तो थेट घरी आलो. पण बातमीला पाय फुटले होते. चौथ्या दिवशी नोटीस आली, तीही माझ्याच जुन्या कचेरीतून. खाडीबांधालगतची माती विनापरवाना उकरल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा. नोटिशीचा मसुदा माझाच होता. "याची गांभीर्याने नोंद घ्यावी" हे वाक्य तर मी अठ्ठ्याण्णव साली स्वतः घातलं होतं आणि त्याबद्दल साहेबांनी माझी पाठ थोपटली होती. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी हे वाक्य लोकांना पाठवत आलो, पण ते इतकं लागतं याची मला कल्पना नव्हती. मग मी खुलासा लिहायला बसलो. कोणते खुलासे फेटाळले जातात हे मला पाठ असल्यामुळे तीन दिवस काहीच लिहिता येईना. शेवटी लिहिलं, "सदर माती वस्तूस चिकटून आली असून ती जागेवर परत टाकण्यात येईल." आणि खरोखरच पाटीभर चिखल डोक्यावर घेऊन बांधावर टाकून आलो. त्या दिवशी बांधावर नेमकी निम्मी आळी फिरायला आली होती.

आता शेजारच्या नाथाकाकांबद्दल सांगायला हवं. खरं तर त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती. पण मी त्या वेळी त्यांना जितकं महत्त्व दिलं तितकंच इथे देतो आहे. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये कोणाच्या शेजारी नसतो? नाथाकाकांनी साठ वर्षं मूर्ती घडवल्या. आता डोळे जवळजवळ गेलेत, कारखाना मुलगा हरेश बघतो आणि काका ओट्यावर बसून असतात. शेपटी आणली त्या दिवशी त्यांनी आवाज दिला होता, "मोरू, काय आणलंस रं? आण इकडं, हात लावून बगतो."

"काका, शास्त्राचं काम आहे ते," मी म्हणालो, "तुमच्या उपयोगाचं नाय."

"बरं बरं," म्हणाले बिचारे.

हरेशने पण एकदा शेपटीकडे मान तिरकी करून बघितलं. "भाऊ, मला वाटतं एकदा दादांना दाखवा." दादा म्हणजे नाथाकाकाच. मी त्याला गाळाचे थर, लाव्ह्याचे थर आणि त्यांच्यामधला काळ हे सगळं अर्धा तास समजावून सांगितलं. तो रंगाची बादली हातात धरून ऐकत होता. शेवटी "मी जरा रंग बघतो" म्हणून गेला, तो पुन्हा या विषयावर बोलला नाही.

रविवार उजाडला. शेपटी रोह्याला न्यायला हरेशचाच टेंपो ठरवला, कारण नाजूक सामान पेणच्या माणसाइतकं जपून जगात कोणाला नेता येत नाही. त्याने खाली पेंढा घातला, बाजूंनी पेंढा दाबला, वरून धुतलेली चादर झाकली. हौद्यात मूर्ती धरून बसायला घरातलं एक वडीलधारं माणूस लागतं, ही कारखान्याची रीत. त्यामुळे नाथाकाका कोणी न सांगताच काठी टेकत आले आणि हौद्यात चढून बसले. "रोह्याला लय वर्सांत गेलो नाय," म्हणाले. मी त्यांच्याशेजारी भाषणाचे कागद घेऊन बसलो. ही आणि शरीफभाई पुढे.

पेणहून चादर झाकलेला टेंपो निघाला की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, मग महिना कोणताही असो. नागोठण्यात एका आजीने हात जोडले. खांबला चहाला थांबलो तर हॉटेलवाल्याने टेंपोभोवती उदबत्ती ओवाळली आणि चहाचे पैसे घेईना. "बाप्पाचं काम हाय," म्हणाला. मी त्याला जीवाश्म म्हणजे काय ते सांगायला लागलो, पण हिने मला मागे ओढलं.

कोलाडच्या पुढे माझ्या लक्षात आलं की नाथाकाकांचा एक हात चादरीखाली आहे आणि बोटं हळूहळू फिरताहेत. खवल्यावरून खवल्यावर. एका जागी थांबायची, मागे जायची, पुन्हा तिथेच यायची. त्यांचा चेहरा काही तरी वेगळाच झाला होता.

"मोरू," ते म्हणाले, "तुला येक सांगायचं व्हतं."

"नंतर, काका. माझं पाठांतर चाललंय."

"बरं," ते म्हणाले. पण हात काढला नाही.

वाचनालयाच्या दारात फलक होता. त्यावर माझा फोटो होता आणि त्याहून मोठा महिपतरावांचा होता. मी मनाला लावून घेतलं नाही. सभागृह भरलेलं होतं. शेपटी टेबलावर ठेवली, पुढे माझं कार्ड उभं केलं. नाथाकाकांना शेवटच्या रांगेत खुर्ची दिली. आणि मी बोललो. पंचवीस मिनिटं बोललो आणि महिपतराव पंचवीस मिनिटं गप्प बसले. ते सुख मी शब्दांत सांगू शकत नाही. शेवटी मी आवाज खाली आणून म्हणालो, "मित्रहो, प्रत्येक ओळीत एक खवला उलटा. जगातल्या कुठल्याही प्राण्यात असं आढळत नाही!"

टाळ्या पडल्या. माहिरा भिंग घेऊन पुढे आली. तिने खवले बघितले, शिंपले बघितले, कडेचा चिखल नखाने काढून बोटांत चोळला. मग तुटलेल्या टोकातला एक तंतू ओढून नाकाशी धरला. माझ्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. नापास झालेल्या मुलाच्या बापाशी बोलताना मास्तरांचा पडतो तसा.

"काका, तुम्ही म्हणालात ते अगदी खरं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "असं कुठल्याच प्राण्यात नसतं."

"पण ते स्नायू..."

"काथ्या आहे, काका. नारळाचा. आणि हे प्लास्टर आहे. जीभ प्लास्टरलाही चिकटते." मग तिने मामांकडे असं बघितलं की शरीफभाईंनी खिशातून रुमाल काढून उगाचच चष्मा पुसायला घेतला.

पेणमध्ये जन्मलेला माणूस मी. ज्या आळीत काथ्या आणि प्लास्टर यांच्यातूनच पोरं रांगायला शिकतात तिथला. आणि मी काथ्याला स्नायू म्हणालो होतो, माईकवरून. सभागृहात कोणीतरी खुदकन हसलं, मग दोघं, मग सगळी रांगच्या रांग. मला वाटलं, आता त्या टेबलाखाली गाळात दबून जावं आणि साडेसहा कोटी वर्षांनी कोणी उकरलं तरच वर यावं. ही पहिल्या रांगेत होती. ती एकटीच हसत नव्हती, आणि त्यामुळे मला जास्तच रडू यायला लागलं.

एवढ्यात महिपतराव उठले. आता कुलपाचा एखादा दाखला देऊन मला कायमचा बंद करणार, अशी मी तयारी केली. पण ते टेबलापाशी आले, वाकले, शेपटीच्या तुटलेल्या टोकाकडे बघतच राहिले.

"करवतीने कापलेलं आहे हे," ते म्हणाले. "अरे... ही आमची शेपटी!"

मग मागच्या बाजूने एक म्हातारा ओरडला, "बिनशेपटीचा शेष!" आणि एकदम गलका झाला. हळूहळू उलगडलं ते असं. बावीस वर्षांपूर्वी महिपतराव मंडळाचे अध्यक्ष असताना मंडळाने शेषनागावर पहुडलेला गणपती पेणला करायला दिला होता. आणायला गेले त्या सकाळी कळलं की शेपटी ट्रकच्या फाळक्याबाहेर दोन हात येते. मुहूर्त चुकत होता. अध्यक्षांनी हुकूम सोडला, कापा. त्या वर्षी अख्ख्या रोह्याने मंडळाला नावं ठेवली आणि महिपतरावांनी त्यानंतर अध्यक्षपद घेतलं नाही. मला हे चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. एकशे बारा कुलपांचा खरा उपयोग काय, ते मला त्या दिवशी समजलं.

"कारखाना कुठला होता?" कोणीतरी विचारलं.

"माजा," शेवटच्या रांगेतून आवाज आला. नाथाकाका काठीवर उभे होते. "आट दिस खवलं कोरत व्हतो. येका वळीत येक उलटा ठेवतो मी, नजर लागू नाय म्हणून. टेंपोत हाताला लागला तवाच वळखला. कापली तवा हरेश म्हणाला, दादा, कचऱ्यात टाकू. म्हटलं, देवाचं अंग कचऱ्यात टाकतात व्हय? म्हणून येकल्यानं नेऊन खाडीत इसर्जन केलं. आरतीबी म्हटली."

आता कोणी हसत नव्हतं. माहिरा खाली उतरली आणि त्यांना हाताला धरून टेबलाशी घेऊन आली. "काका, तुमचे खवले बघून मीसुद्धा दोन मिनिटं फसले होते," ती म्हणाली. मग चिखलाच्या पापुद्र्यावर त्यांचं बोट टेकवून म्हणाली, "आणि हे बघा. हा गाळ थराथराने बसलाय, त्यावर कालवं वाढलीत. गाळाचा खडक व्हायला अशीच सुरुवात होते. खाडीने तुमचं काम जपायला घेतलं होतं." तिने तो पापुद्रा मागून घेतला आणि कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

नाथाकाकांनी दोन्ही हात शेपटीवर ठेवले. "साठ वर्सं केल्या मूर्ती," ते म्हणाले, तसं कोणाला उद्देशून नाही. "किती हजार, मोजल्या नाय. सगळ्या पाण्यात गेल्या. जायालाच पायजेत. माज्या हातचं काय बी राहिलं नाय कुटं. ही येवडी राहिली."

टेबलावर शाल आणि श्रीफळ होतं. महिपतरावांनी शाल उचलली आणि माझ्याकडे बघितलं. चार वर्षांत पहिल्यांदा ते मला काही तरी विचारत होते. मी मान डोलावली. ती शाल आम्ही दोघा व्याह्यांनी दोन टोकं धरून नाथाकाकांच्या खांद्यावर घातली. कार्यक्रमानंतर महिपतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोरेश्वरराव, ट्रक खरंच छोटा होता हो." मी म्हणालो, "असणारच." त्यांनी कुलपांचा विषय काढला नाही.

शेपटी आता नाथाकाकांच्या ओट्यावर असते. हरेशने खाली पाट केला आहे. खारभूमीला मी कळवलं की वस्तू मूळ मालकाच्या ताब्यात देण्यात आली आहे, आणि त्यांनी त्याची गांभीर्याने नोंद घेतली. परवा ओट्यावर गेलो तर माझं ते कार्ड अजून शेपटीपुढे उभं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पेन काढलं आणि 'साडेसहा कोटी' खोडायला वाकलो.

नाथाकाकांना दिसत नाही, पण पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज ऐकू येतो.

"काय करतोस?"

"वय दुरुस्त करतो, काका. बावीस लिहितो."

"ऱ्हाऊ दे तसंच," ते म्हणाले. त्यांचं बोट उलट्या खवल्यावर होतं. "तुजं नाव खोड हवं तर. शेष हाय तो. त्येचं वय तू कमीच लिवलंस."